सवय कोणाला लागते?

अमेरिकेच्या पूर्व भागात परसात हमिंगबर्डसाठी साखरपाण्याचा फीडर टांगणाऱ्या लोकांमध्ये एक नियम तोंडोतोंडी चालत आला आहे. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे लेबर डेच्या सुट्टीला, फीडर उतरवून ठेवायचा. का, तर तो तसाच टांगलेला राहिला तर पक्ष्यांना आयतं प्यायची सवय लागते, ते दक्षिणेला जायचं विसरतात आणि थंडी पडली की मरतात.

मी न्यू जर्सीत राहते. हा नियम मी शेजारच्या आजोबांकडून ऐकला, पक्ष्यांच्या दाण्याची पिशवी घेताना दुकानातल्या बाईंकडून ऐकला, ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडूनही ऐकला. तिघंही प्रेमळ माणसं आहेत. पक्ष्यांचं वाईट व्हावं असं त्यांच्यातल्या कोणालाही वाटत नाही. पण नियम चुकीचा आहे. फीडर टांगलेला राहिला म्हणून स्थलांतर करणारा पक्षी थांबत नाही, हे पक्षीअभ्यासक अनेक वर्षं सांगत आले आहेत. तरी दर ऑगस्टअखेर तोच प्रश्न परत येतो: आता काढू का? त्यांची सवय मोडायला हवी ना?

मला यातल्या चुकीपेक्षा ती आपल्याला इतकी सहज का पटते, याचं कुतूहल जास्त आहे. कारण हेच वाक्य मी मराठीत लहानपणापासून ऐकत आले आहे. तिथे ते पक्ष्यांबद्दल नसायचं, माणसांबद्दल असायचं. ‘देऊ नका, सवय लागेल.’

आधी पक्ष्याबद्दल बोलू. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात. आपल्याकडे जास्वंदीवर येणारा जो चकाकता इवला पक्षी ‘हमिंगबर्ड’ म्हणून फॅमिली ग्रुपवर फिरत असतो, तो शिंजीर. त्याचं कूळ वेगळं. अमेरिकेच्या पूर्वेकडे हमिंगबर्डची एकच जात नियमितपणे घरटी करते, रूबी-थ्रोटेड. नराचा गळा माणकासारखा लाल, म्हणून हे नाव. वजन साधारण ३ ग्रॅम, म्हणजे जवळपास आपल्या रुपयाच्या नाण्याइतकं. पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात. वसंतात हे पक्षी उत्तरेला येतात, पिल्लं वाढवतात आणि हिवाळा काढायला दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यात जातात. काही जण मेक्सिकोच्या आखाताला वळसा घालून टेक्साससमार्गे जातात, काही सरळ पाण्यावरून. पाण्यावरचा रस्ता सुमारे ८०० किलोमीटरचा. मध्ये बसायला फांदी नाही, प्यायला फूल नाही.

मग जायची वेळ झाली हे त्यांना कोण सांगतं? भूक नक्कीच नाही. १९२० च्या दशकात कॅनडातल्या एडमंटनला विल्यम रोवन नावाच्या प्राध्यापकाने जुंको नावाचे चिमणीएवढे पक्षी हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यात ठेवले आणि दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा लांबवत नेला. बाहेर रक्त गोठवणारी थंडी होती, तरी त्या पक्ष्यांच्या शरीरात वसंतातले बदल सुरू झाले. १९२५ साली त्याने हे ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. पक्ष्याचं शरीर थंडीपेक्षा उजेडाचा हिशेब ठेवतं, ही गोष्ट तेव्हापासून पक्की होत गेली. पुढे जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांच्या प्रयोगांनी दाखवलं की काही पक्ष्यांच्या आतच वर्षाचं एक घड्याळ असतं. वर्षभर दिवस-रात्र सारखेच ठेवले तरी प्रवासाचे दिवस आले की ते पिंजऱ्यात अस्वस्थ होतात.

हमिंगबर्डचंही असंच. जुलै सरता सरता दिवस लहान होऊ लागतात आणि त्यांच्या शरीरात एक प्रकारचा हावरेपणा जागा होतो. ते दिवसभर खात सुटतात. फुलातला मध, बारीक किडे, कोळी, आणि वाटेत असेल तर आपलं साखरपाणी. लांबच्या उड्डाणाआधी काहींचं वजन जवळपास दुप्पट होतं. ही चरबी म्हणजे त्यांची शिदोरी.

म्हणूनच ऑगस्टमध्ये फीडरवर झुंबड उडते. एक दुसऱ्याला हुसकावतो, तिसरा मधेच घुसतो. बघणाऱ्याला वाटतं, बघा, चटावले, आता कसले जातात. प्रत्यक्षात ती जाण्याचीच तयारी चाललेली असते. आपण ज्याला चटावणं म्हणतो ते सामान बांधणं असतं.

जाण्याचा क्रमही सांगण्यासारखा आहे. आधी नर जातात, काही तर जुलैच्या अखेरीलाच. पिल्लं वाढवण्यात त्यांचा काही वाटा नसतोच. मग माद्या जातात. सगळ्यात शेवटी याच उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं. आई पुढे निघून गेलेली. वाट कोणी दाखवलेली नाही. प्रत्येक पिल्लू एकटं निघतं, आणि जिथे कधीच गेलेलं नाही तिथे पोचतं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात फीडरवर दिसणारा पक्षी बहुतेक वेळा यांच्यापैकीच असतो. म्हणजे लेबर डेचा नियम पाळून आपण ज्यांच्यासमोरून पाणी उचलतो, ती पहिल्यांदाच निघालेली पोरं असतात.

इथे भावनेला जरा आवर घालायला हवा. आपण फीडर काढला म्हणून ते पिल्लू मरणार नाही. त्या दिवसांत इकडे ओढ्याकाठी ज्युएलवीड नावाचं केशरी फूल भरभरून फुललेलं असतं. आपल्या तेरड्याच्याच कुळातलं. त्याचा बहर आणि या पक्ष्यांचा दक्षिणेचा प्रवास, दोन्ही एकाच सुमाराला येतात. माणसाने काचेच्या बाटलीत साखर विरघळवायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधीपासून हे पक्षी तो प्रवास करत आहेत.

तेव्हा गोष्ट अशी आहे: फीडर ठेवला म्हणून तो थांबत नाही आणि काढला म्हणून तो मरत नाही. आपलं साखरपाणी त्याच्या प्रवासात एक छोटीशी सोय आहे. आणि मला वाटतं, आपल्याला खरं जड जातं ते हेच मान्य करणं.

‘मी दिलं नाही तर तो मरेल’ हे म्हणणं गर्वाचं आहे, हे आपल्याला चटकन दिसतं. पण ‘मी देत राहिलो तर तो बिघडेल’ हेही त्याच जातीचं म्हणणं आहे. दोन्ही वाक्यांत समोरच्याचं आयुष्य माझ्या बाटलीभोवती फिरतं. पहिल्या वाक्यात मी तारणहार असते, दुसऱ्यात शिस्त लावणारी. समोरच्याचं स्वतःचं घड्याळ आहे, स्वतःची दिशा आहे, माझ्या बाटलीपलीकडे पन्नास ठिकाणी त्याची सोय आहे, ही शक्यता दोन्हींत नसते.

आणखी एक गंमत बघा. लेबर डे हा दिवस पक्ष्यांच्या पंचांगात कुठेच नाही. तो माणसांच्या उन्हाळ्याचा शेवट आहे. त्या आठवड्यात पोहायचे तलाव बंद होतात, शाळा सुरू होतात, अंगणातल्या शेगडीवर झाकण पडतं. चार महिने दर दोन-तीन दिवसांनी बाटली धुऊन माणूस कंटाळलेला असतो. अशा वेळी ‘त्यांच्याच भल्यासाठी थांबायला हवं’ हे ऐकायला किती सोयीचं. कंटाळा आला म्हणून थांबलो, असं म्हणायला काहीच हरकत नाही. पण आपण आपल्या कंटाळ्याला त्यांच्या हिताचं नाव देतो.

आता माणसांकडे येते. माझ्या आईकडे बरीच वर्षं काम करणाऱ्या मावशींची मुलगी नर्सिंग शिकते आहे. तिच्या फीचा काही भाग मी पाठवते. यात थोरपणा काही नाही, डॉलर आणि रुपयातल्या फरकाने तो भार हलका होतो इतकंच. दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली तेव्हा व्हिडिओ कॉलवर मामा म्हणाला, “अगं, पण किती वर्षं देणार तू? एकदा दिलंस ते ठीक. दर वर्षी द्यायला लागलीस की सवय लागते. मदत करून करून आपणच माणसं पांगळी करतो.”

मामा वाईट माणूस नाही. त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता, काळजीच होती, फीडर उतरवणाऱ्या आजोबांच्या बोलण्यात असते तशी. पण मला त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची, गोष्ट आठवली. आमच्या घरात ती अभिमानाने सांगितली जाते. आजोबा पुण्यात वार लावून जेवले आणि शिकले. आजच्या वाचकांसाठी सांगते: पूर्वी गावाकडून शिकायला आलेला गरीब मुलगा आठवड्यातला एकेक वार एकेका घरी जेवायचा. सोमवारी एका वाड्यात, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं मिळाली की आठवडा भरला. आजोबांचं असं काही वर्षं चाललं. मग ते शिकून नोकरीला लागले आणि वार संपले. लोकांच्या घरी जेवायची सवय त्यांना लागली, असं आमच्या घरात कोणी कधी म्हणालेलं मला आठवत नाही. ती गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात.

माझंही तसंच. मी इकडे शिकायला आले तेव्हा विमानाचं तिकीट आणि पहिल्या सेमिस्टरची फी बाबांनी दिली. पुढचं वर्षभर अडीअडचणीला तेच देत राहिले. तेव्हा मामा म्हणाला होता, “पोरीला पाठबळ आहे, म्हणून उडी मारता आली.”

तेच पैसे, त्याच कारणासाठी. एका मुलीला मिळाले तर पाठबळ, दुसरीला मिळाले तर सवय. आजोबांच्या काळचे ते वारही बहुतेक करून आपल्याच जातीच्या मुलांना मिळायचे, हे त्या अभिमानाच्या गोष्टीत कोणी सांगत नाही. जो आपला वाटतो तो पुढे जाणार हे आपण धरूनच चालतो, म्हणून त्याला देताना भीती वाटत नाही. जो आपला वाटत नाही, त्याच्या आत एखादं घड्याळ आहे, त्यालाही कुठेतरी जायचं आहे, यावर आपला विश्वास नसतो. सवय लागेल ही भीती फार वेळा या अविश्वासाचं सभ्य नाव असते.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे देण्याने कधीच काही बिघडत नाही का? बिघडतं. उदाहरण पक्ष्यांतच आहे आणि त्याला वळसा घालून जाणं बरोबर नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अ‍ॅनाज हमिंगबर्ड नावाची दुसरी जात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याखालच्या मेक्सिकोच्या पट्ट्यातच घरटी करायची. मग लोकांनी बागांमध्ये निलगिरीसारखी बाहेरची झाडं लावली, घरोघरी फीडर टांगले, आणि हा पक्षी उत्तरेला सरकत गेला. आज तो सिअ‍ॅटलमध्ये आणि कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये बारा महिने राहतो. २०२५ साली आलेल्या एका अभ्यासात संग्रहालयांमधल्या जुन्या नमुन्यांची तुलना करून असं मांडलं गेलं की या काळात या पक्ष्यांच्या चोची अधिक लांब आणि निमुळत्या होत गेल्या, आणि त्याचा संबंध फीडरशी लागतो. आपल्या बाटलीने पक्ष्याच्या चोचीचा आकार बदलला, यापेक्षा मोठा परिणाम कोणता असणार?

म्हणजे रूबी-थ्रोटेडबाबत जी भीती पोकळ ठरते, ती अ‍ॅनाजबाबत पोकळ म्हणता येत नाही. पण त्यावरून काय करायचं? सिअ‍ॅटलचे लोक काय करतात ते बघा. कडाक्याची थंडी पडली की फीडरमधलं पाणी गोठतं. मग कोणी दोन फीडर ठेवून ते आलटून पालटून घरात आणतं, कोणी बाटलीखाली दिवा लावतं, कोणी पहाटे अंधारात उठून कोमट साखरपाणी बाहेर टांगतं. कारण हमिंगबर्ड गारठ्याच्या रात्री शरीराचं तापमान खाली आणून जवळपास निपचित होतो, आणि उजाडल्यावर त्याला लगेच इंधन लागतं. बर्फाच्या दिवसात आसपास फूल नसतं. ज्याने नोव्हेंबरभर त्याला आपल्या दारी बोलावलं, त्याला जानेवारीतल्या सगळ्यात थंड सकाळी ‘आता स्वावलंबी हो’ म्हणायचा अधिकार उरत नाही.

यातून मला जे कळतं ते ‘सवय लागेल’ या युक्तिवादाच्या नेमकं उलट आहे. समोरचा खरोखरच माझ्यावर अवलंबून असेल, तर ते अचानक हात काढून घेण्याचं कारण होत नाही. उलट तेव्हा माझी जबाबदारी वाढते. थांबायचंच असेल तर फुलांच्या दिवसात थांबावं, हळूहळू थांबावं, बर्फात थांबू नये.

आणि देण्याची किंमत तिसऱ्याच कोणाला मोजावी लागत असेल तर? तोही प्रश्न खरा आहे. न्यू जर्सीच्या डोंगराळ भागात काळी अस्वलं आहेत. साखरपाण्याच्या वासाने ती घरांपर्यंत येतात, आणि मग माणसाला धोका होतो, अस्वलाचाही जीव जातो. तिथे फीडर काढायलाच हवा, मग महिना कोणताही असो. मुंबईत २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री टाकली आणि शहरभर भांडण पेटलं, तेव्हाही मुद्दा हाच होता. कबुतरं कुठे जाणारी नव्हतीच. दाणे मिळत राहिले तशी ती वाढत गेली, आणि त्यांच्या विष्ठेचा त्रास आजूबाजूला राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांना. दाणे टाकणाऱ्याला पुण्य मिळतं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, पण शेजाऱ्याच्या खोकल्याचा हिशेब त्या पुण्यात धरावा लागतो.

म्हणजे देण्याला मर्यादा आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. फक्त त्या आपल्या मनातल्या भीतीवरून ठरवता येत नाहीत. समोर कोण आहे, तो वाटसरू आहे की मुक्कामाला आहे, त्याला दुसरीकडे काय मिळतं, माझ्या देण्याचा त्रास कोणाला होतो, हे बघावं लागतं. प्रत्येक पक्ष्याला एकच तारीख लावणं म्हणजे न बघता ठरवणं.

आणखी एका मर्यादेबद्दल कोणी फार बोलत नाही, कारण तीत तत्त्वज्ञान कमी आणि भांडी घासणं जास्त आहे. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. एवढंच. लाल रंग घालायचा नाही. मध नाही, गूळ नाही, ब्राऊन शुगर नाही. मधाच्या पाण्यात बुरशी पटकन धरते, आणि गुळातलं किंवा ब्राऊन शुगरमधलं लोह त्यांना बाधतं. उन्हाळ्यात हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तसंच याचं. मग बाटली उतरवायची, गरम पाण्याने घासायची, बारीक भोकं ब्रशने साफ करायची आणि ताजं भरायचं. आंबलेलं, काळ्या बुरशीचं पाणी पक्ष्याला आजारी पाडू शकतं. त्यापेक्षा फीडर नसलेला परवडला.

फीडरने खरं नुकसान होण्याची शक्यता सगळ्यात जास्त कुठे असेल, तर ती इथे. ‘फार दिलं’ म्हणून बिघडण्यापेक्षा ‘दिलं आणि लक्ष दिलं नाही’ म्हणून बिघडणं जास्त घडतं. टांगायला दोन मिनिटं लागतात, तेव्हाच फोटो निघतो, स्टेटसला जातो. धुण्याचा फोटो कोणी टाकत नाही. माणसांच्या बाबतीतही असंच होतं. पहिल्या वर्षाची फी भरताना छान वाटतं. तिसऱ्या वर्षी आईच्या फोनवर पावतीचा अस्पष्ट फोटो येतो, तो आपल्याला पुढे येतो, बँकेचं ॲप ओटीपी पाठवत नाही, तेव्हा मामाचं बोलणं एकदम शहाणपणाचं वाटायला लागतं. सवय लागेल असं आपण दुसऱ्याबद्दल म्हणतो. कंटाळा मात्र आपल्यालाच येतो.

म्हणून मला वाटतं, ‘मी हे नीट सांभाळू शकत नाही’ हे फीडर काढण्याचं प्रामाणिक कारण आहे. ‘त्याच्या भल्यासाठी’ हे बहुतेक वेळा नसतं.

मग खरंच कधी काढायचा? पूर्वेकडचे जाणकार साधारण असं सांगतात: शेवटचा हमिंगबर्ड दिसल्यानंतर निदान दोन आठवडे तरी ठेवा. स्वच्छ ठेवता येत असेल तर त्याहून जास्त दिवस ठेवलात तरी बिघडत नाही. कारण तुमच्या अंगणात उन्हाळाभर राहिलेले पक्षी गेले, तरी उत्तरेकडून निघालेले वाटेत असतात. सप्टेंबरमध्ये फीडरवर दिसणारा पक्षी जूनमधलाच असेल असं नाही. आपल्याला तोच वाटतो, कारण आपल्याला सगळे सारखे दिसतात. तुमचा पाहुणा गेला आणि कॅनडाहून निघालेला एखादा अनोळखी त्याच जागी बसून गेला, तुम्हाला पत्ताही लागत नाही.

कधी तर त्याहून अनोळखी येतो. रूफस नावाची एक तांबूस जात पश्चिमेत, पार अलास्कापर्यंत, घरटी करते. तिच्यातले बरेच पक्षी मेक्सिकोत हिवाळा काढतात, पण काही दर वर्षी पूर्वेकडे आणि मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीत एखाद्या फीडरवर हमिंगबर्ड आला तर तो बहुधा या जातीचा असू शकतो. २०१० च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या टालाहासीमध्ये अशाच एका रूफस मादीच्या पायात नंबराची कडी घातली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये ती अलास्कात परत सापडली. साडेतीन हजार मैलांहून जास्त अंतर. ज्यांनी लेबर डेला फीडर गुंडाळून ठेवला, त्यांच्या दृष्टीने असा पक्षी अस्तित्वातच नसतो.

आपल्याकडे यासाठी एक जुनी, साधी सोय होती आणि अजूनही कुठे कुठे आहे: पाणपोई. चैत्र-वैशाखात रस्त्याकडेला मांडव, ओलं फडकं गुंडाळलेले रांजण, वर लाकडी झाकण आणि साखळीला बांधलेला पेला. पाणी फुकट मिळालं म्हणून वाटसरू तिथेच मुक्काम ठोकतील, अशी भीती पाणपोई घालणाऱ्याला वाटत नाही. तो माणूस कुठून आला, पुन्हा येईल का, याची चौकशी कोणी करत नाही. रांजण रोज धुवायचा आणि भरायचा, एवढंच काम. आणि पाणपोई बंद कधी होते? पाऊस आला की. देणारा कंटाळला की नाही, रस्त्याला तिची गरज उरली नाही की. मला फीडर टांगताना ही कल्पना उपयोगी पडते. पाणपोईवाला स्वतःला कोणाच्या प्रवासाचं कारण मानत नाही. त्याला माहीत असतं की लोक चालतायत ते चालणारच, आपण तहानेपुरते मधे आहोत.

पण पक्ष्याची उपमा माणसाला लावताना एका ठिकाणी थांबायला हवं. पक्ष्याला विचारता येत नाही. तो कधी जाणार, त्याला अजून किती लागेल, हे अंदाजानेच ठरवावं लागतं, म्हणून दोन आठवड्यांसारखे नियम लागतात. माणसाला विचारता येतं. तरी आपण विचारत नाही. मामा आणि मी त्या मुलीच्या सवयीबद्दल अर्धा तास बोललो. तिच्याशी आमच्यापैकी कोणीच बोललं नव्हतं.

मग मी तिला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सरळ विचारलं, “तुला अजून किती लागेल असं वाटतं?”

ती जराही अडखळली नाही. तिचा हिशेब तयारच होता. “ताई, अजून दोन हप्ते. मग शेवटचं वर्ष, त्याचं मी बघितलंय, आमच्या कॉलेजातून एक स्कॉलरशिप आहे, नाही मिळाली तर कर्ज काढणार. नोकरी लागली की मीच सांगीन तुम्हाला.” मग थोडं थांबून म्हणाली, “फक्त एक होतं. तुम्हाला मध्येच जमणार नसेल तर सांगा, काही नाही वाटणार मला. पण आधी सांगा. परीक्षेच्या तोंडावर नको.”

या विषयावर मी जे काही वाचलं आणि वर लिहिलं, त्यात इतकं नेमकं काही नाही. तिला माझ्याकडून आयुष्यभराचा शब्द नको होता, उपकाराची भाषाही नको होती. जायची तारीख तिची ठरलेली होती. ती तिने स्वतः ठरवली होती, मी देते की नाही यावर नव्हे. तिला एवढंच हवं होतं की मी माझ्या कंटाळ्याच्या दिवशी, तिच्या भल्याचं नाव घेऊन, बाटली उचलू नये. मामाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “बरं. हिशोबी आहे पोरगी.” त्याच्या तोंडून हे कौतुकच होतं.

कोणाला किती द्यावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि सगळ्यांनी द्यावंच असंही माझं म्हणणं नाही. ज्याला नाही जमत त्याने फीडर टांगू नये, त्यात काही वाईट नाही. ओढ्याकाठी फुलं आहेत. माझं म्हणणं फक्त थांबण्याबद्दल आहे. थांबताना आपण जे कारण देतो, ते कोणाच्या घड्याळावरून काढलंय, हे एकदा बघावं.

शेवटचा पक्षी नेमका कोणता, हे तो समोर असताना कधीच कळत नाही. तो निरोप घेत नाही, फीडरवर बसतो, पितो, उडतो, रोजच्यासारखाच. तो शेवटचा होता हे दोन आठवडे कोणीच आलं नाही की मग कळतं. त्या दोन आठवड्यांत बाटली धुवायची, एक वाटी साखर चार वाट्या पाण्यात विरघळवायची, टांगायची, आणि तीन दिवसांनी कोणी तोंड न लावलेलं पाणी ओतून देऊन पुन्हा भरायची. बघणाऱ्याला हे वाया घालवणं वाटेल. काही वाट्या साखर जाते, हे खरंच. कोणी उशिरा निघालेलं वाटेत असेल, तर ते मात्र तहानलेलं पुढे जात नाही.